पायाला मुंग्या येतात, त्याचं कारण कसं शोधायचं

माझ्या खोलीत एक पलंग, एक मशीन आणि एक गरम पाण्याची पिशवी असते. गेली सतरा वर्षं मी नर्व्ह कंडक्शनच्या तपासण्या करते. मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. नसेला विजेचा बारीकसा झटका द्यायचा, संदेश किती वेगाने आणि किती जोरात पोचतो ते मोजायचं, आलेख डॉक्टरांकडे पाठवायचे, हे माझं काम. इलेक्ट्रोड चिकटवता चिकटवता माणसं बोलू लागतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काही नाही हो, नस दबलीय." नाहीतर, "शुगरचं आहे."

दोन्ही गोष्टी बऱ्याचदा खऱ्या निघतात. पण पुष्कळदा त्या कुणीही तपासलेल्या नसतात. कुणीतरी एकदा म्हणून गेलेलं असतं आणि मग तेच निदान होऊन बसतं.

माझ्या वडिलांच्या बाबतीत "शुगरचं आहे" हे वाक्य दोन वर्षं चाललं. घरात मी होते, तरीही. मीसुद्धा ते मान्य करून बसले होते. त्यांचं खरं कारण होतं बी-१२ ची कमतरता, एका साध्या रक्ततपासणीत कळेल असं. तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या कुणीही पायाला मुंग्या येतात म्हटलं की मी त्यांच्या हातात वही देते आणि काय काय लिहायचं ते सांगते. तेच इथे सविस्तर लिहिते आहे. निदान डॉक्टरच करतील. पण त्यांच्यापुढे दहा मिनिटांत काय ठेवायचं हे तुमच्या हातात आहे, आणि कारण सापडणं किंवा न सापडणं पुष्कळदा त्यावरच ठरतं.

आधी, कुणी वही काढत बसू नये ते

हातापायांतली ताकद काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत कमी होत असेल, अशक्तपणा पावलांकडून वर चढत असेल, गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर थेट आपत्कालीन विभागात जा. एकदा माझ्याकडे पंचविशीतला एक मुलगा भिंत धरत धरत आला होता. दहा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, दोन दिवसांपूर्वी बोटांना मुंग्या सुरू झाल्या आणि त्या सकाळी त्याला जिना चढता येईना. मी मशीन सुरूच केलं नाही, डॉक्टरांना बोलावलं आणि त्याला आत पाठवलं. तो गियाँ-बारे सिंड्रोम होता. एखाद्या संसर्गानंतर, बऱ्याचदा कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जिवाणूच्या जुलाबांनंतर, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघांनी त्याचं वर्णन केलं. पहिल्या काही दिवसांत नर्व्ह कंडक्शन जवळजवळ नॉर्मलही येऊ शकतं, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून कुणी तुम्हाला घरी पाठवत असेल आणि ताकद तरीही जातच असेल, तर परत जा. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार लवकर सुरू झालेले बरे.

चेहऱ्याची आणि हातापायाची एकच बाजू अचानक बधिर किंवा लुळी झाली तर तो प्रश्न मेंदूचा समजायचा, नसेचा नाही, आणि एक मिनिटही थांबायचं नाही. बसायच्या जागी, जांघांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. तिथेही तासांचा हिशेब असतो. प्लास्टर घातल्यावर बोटं बधिर झाली, पांढरी-निळी पडली, दुखणं वाढतच चाललं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री जा.

यातलं काही नसेल, तर आता वही घ्या.

पायाचीच बोटं आधी का

बोलताना आपण शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे रक्ताचा संबंध नाही. मेंदू आणि मज्जारज्जू सोडून शरीरभर पसरलेले मज्जातंतू म्हणजे परिघीय नसा. मणक्यांतून अशा नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श सांगणाऱ्या पेशीचं मुख्य अंग असतं कमरेच्या मणक्यापाशी आणि तिचं टोक असतं अंगठ्यात. मधलं अंतर जवळपास मीटरभर. टोकाला लागणारी प्रथिनं वर, कमरेपाशी तयार होतात आणि तिथून एवढा प्रवास करून खाली पोचतात. म्हणून साखर, दारू, एखादं औषध किंवा जीवनसत्त्वाची कमतरता अशी सगळ्या शरीराला लागू होणारी गोष्ट बिघडली, की सगळ्यात लांबच्या नसेचं टोक आधी उपाशी पडतं. दोन्ही पायांची बोटं, मग तळवे, मग घोटे. बधिरपणा गुडघ्याच्या आसपास चढला की हाताच्या बोटांच्या टोकांची पाळी येते, कारण तोवर त्या लांबीच्या नसाही तावडीत सापडलेल्या असतात.

हा क्रम लक्षात ठेवा. माझे वडील बधिरपणा घोट्यापर्यंतही आलेला नसताना हाताची बोटं चोळत बसायचे. मधुमेहात सहसा असं होत नाही. खूण रोज माझ्या डोळ्यांसमोर होती.

पहिलं पान: नकाशा

माणसाची दोन रेखाचित्रं काढा, एक पुढून, एक मागून. चित्र कसंही आलं तरी चालेल. जिथे बधिर आहे तिथे निळ्या पेनाने रेघा, जिथे आग होते तिथे लाल, जिथे ताकद कमी वाटते तिथे फुली. बोटांबाबत अगदी काटेकोर राहा. "हात बधिर होतो" यातून काहीच कळत नाही. कोणतं बोट आणि बोटाची कोणती बाजू, ते लिहा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू असेल, तर मनगटातली मीडियन नस, म्हणजे कार्पल टनेल. रात्री झोपमोड होते, माणूस उठून हात झटकतो आणि झटकल्यावर बरं वाटतं. करंगळी आणि अनामिकेची दुसरी अर्धी बाजू असेल, तर अल्नार नस, बहुतेक वेळा कोपराशी दाबलेली. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते, तीच ही नस. कोपर टेकवून काम करणं, फोन कानाला लावून तासन् तास हात दुमडून ठेवणं, दुमडलेल्या हातावर डोकं ठेवून झोपणं, एवढ्यानेही ती दुखावते. मनगट वर उचलता येत नसेल तर दंडातली रेडियल नस: गाढ झोपेत दंडावर भार पडलेला असतो किंवा दंडाचं हाड मोडलेलं असतं. पाऊल लुळं पडून चालताना बोटं जमिनीला अडकत असतील तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीखाली हात लावून पाहा. तिथे पेरोनियल नस कातडीच्या अगदी लगत वळसा घेते. पायावर पाय टाकून बसायची सवय, तासन् तास उकिडवं बसून काम, घट्ट प्लास्टर, आणि लोकांना नवल वाटतं ते कारण म्हणजे झपाट्याने उतरलेलं वजन: तिथली चरबीची गादी जाते आणि नस उघडी पडते. मांडीची फक्त बाहेरची बाजू बधिर आणि जळजळणारी असेल, ताकद मात्र शाबूत असेल, तर घट्ट पट्टा किंवा वाढलेलं पोट जांघेशी त्वचेच्या एका नसेला दाबत असतं. कुल्ह्यावर चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शननेही सायटिक नस दुखावते. सुई टोचताक्षणी पायात विजेसारखी कळ गेली होती का, ते आठवून लिहा.

एक गोष्ट इथेच सांगते. दोन्ही मनगटांत कार्पल टनेल निघालं तर "कॉम्प्युटरचं काम" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईड मंद असणं, मधुमेह, संधिवात, गरोदरपण ही कारणं त्याच्यामागे असू शकतात. क्वचित अमायलॉइड नावाचं प्रथिन साठत असतं, आणि त्यात हाताचा त्रास हृदयाच्या त्रासाच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतो.

नकाशा दोन्ही बाजूंना सारखा आला तर कारण बहुतेक सगळ्या शरीरात शोधायचं. एकाच नसेच्या हद्दीत आला तर त्या नसेच्या वाटेवर. आणि आज डावं पाऊल, तीन आठवड्यांनी उजवा हात, मग आणखी तिसरंच काही, प्रत्येक वेळी कळ मारून सुरुवात, असा विस्कळीत आला तर तो नकाशा घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना सूज आली की असं होतं. त्याला उपचार आहे, पण उशीर झाला तर गेलेलं परत मिळवणं कठीण.

दुसरं पान: कधीपासून आणि किती वेगाने

तारीख आठवत नसेल तर प्रसंग आठवा. कोणत्या आजारपणानंतर, कोणत्या ऑपरेशननंतर, कोणती गोळी सुरू झाल्यावर. महिन्यामहिन्याने काय बदललं ते लिहा. चार आठवड्यांच्या आत तळ गाठलेला अशक्तपणा वेगळा, आठ आठवडे उलटून गेल्यावरही वाढत राहिलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारात सीआयडीपी नावाचा आजार शोधावा लागतो. नसेवरचं मायलिनचं वेष्टण प्रतिकारशक्ती खरवडून काढते, आणि औषधांनी तो बऱ्याच जणांत आटोक्यात येतो. वर्षानुवर्षं इतक्या हळू वाढलेला, की सुरुवातच सांगता येत नाही, असा त्रास बऱ्याचदा आनुवंशिक निघतो.

त्यासाठी नातेवाइकांचे पाय पाहा, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. खूप उंच कमान, आकड्यासारखी वाकलेली बोटं, पोटऱ्या काटकुळ्या, लहानपणापासून सारखा घोटा मुरगळणं. अशी माणसं स्वतःला आजारी म्हणवत नाहीत, "आमच्याकडे सगळ्यांचे पाय असेच" म्हणतात. शार्को, मारी आणि टूथ यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला आजार आजही असाच घराघरांत लपून असतो. ज्यांची नस थोडक्या दाबाने पुन्हा पुन्हा बधिर होते, आज कोपर, उद्या गुडघा, त्यांच्यातही कधीकधी एका जनुकाचा दोष सापडतो.

तिसरं पान: नेमकं काय होतं

आग होते, चटके बसतात, पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही, गरम-गार नीट कळत नाही: हा बारीक तंतूंचा त्रास. कापसावर चालल्यासारखं वाटतं, अंधारात तोल जातो, पाऊल कुठे पडलं ते खाली बघितल्याशिवाय कळत नाही: हा जाड तंतूंचा. उभं राहिल्यावर चक्कर, घाम न येणं, जेवल्यावर पोट तासन् तास भरल्यासारखं राहणं, लैंगिक अडचणी: हे स्वायत्त नसांचं, म्हणजे शरीराची आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसांचं. लाजून हा शेवटचा भाग लोक सांगत नाहीत. लिहून दिलात तर बोलावं लागणार नाही.

घरी चार गोष्टी पाहता येतात. डोळे मिटून बसा आणि दुसऱ्या कुणाला तुमच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करू द्या, दोन्ही पायांना मिळून सहा जागा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांना सांगा. मग टाचांवर चालून पाहा, मग चवड्यांवर. आणि भिंतीलगत, जवळ कुणीतरी उभं असताना, पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर झोकांड्या, असं झालं तर तेही वहीत गेलं पाहिजे. माझ्या वडिलांना चेहरा धुताना बेसिन धरावं लागायचं. साबण लागतो, डोळे मिटतात, तोल जातो. आम्ही त्याला वय म्हणत होतो.

चौथं पान: गोळ्यांची पिशवी

सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. यादी करू नका, पाकिटंच न्या, कारण यादीतून नेमकं तेच राहतं जे माणसाला औषध वाटत नाही.

पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे दोनदा आल्या. हातापायांची आग, चालताना अडखळणं. ताकदीच्या नसांचे आलेख सुरेख, स्पर्शाच्या नसांचे मात्र जवळजवळ सपाट, हातांचे आणि पायांचे सारखेच. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पर्स उलटी करायला लावली. नसांसाठी म्हणून घेतलेल्या तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या, आणि तिन्हींत बी-६. बेरीज दिवसाला अडीचशे मिलिग्रॅमच्या वर. बी-६ कमी पडलं तरी नसा बिघडतात आणि फार झालं तरीही. ग्रॅम-ग्रॅमच्या डोसांनी स्पर्शाच्या नसा उद्ध्वस्त झालेल्या रुग्णांची नोंद १९८३ मध्ये झाली. त्यानंतर कमी डोस दीर्घकाळ घेतलेल्यांचीही उदाहरणं आली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरवली. बाईंनी गोळ्या बंद केल्या, तरी सुधारणा दिसायला महिने लागले. म्हणून "नसांचं टॉनिक" सुरू करण्याआधी वेष्टनावर पायरिडॉक्सिन (म्हणजे बी-६) हा शब्द आणि त्यापुढचा आकडा वाचा. दुसरीकडे, क्षयाच्या आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-६ घटतं, तिथे डॉक्टर ते मुद्दाम, ठरावीक प्रमाणात देतात. ते स्वतःहून बंद करायचं नाही.

मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. डोस जितका मोठा आणि काळ जितका लांब तितका धोका जास्त. आम्लपित्ताच्या, आम्ल दाबणाऱ्या गोळ्याही दीर्घकाळ घेतल्या तर हेच करतात, आणि एकाच माणसाला दोन्ही चालू असणं अजिबात दुर्मीळ नाही.

कर्करोगाच्या औषधांत व्हिंक्रिस्टीन, पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, बॉर्टेझोमिब ही ठळक नावं. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर गार वस्तूला हात लावला तरी झिणझिण्या येतात. सिस्प्लॅटिनचा त्रास तर औषध थांबल्यावरही काही महिने वाढत जाऊ शकतो. हे आधी माहीत असेल तर आजार उलटला या भीतीने रात्री जागून काढाव्या लागत नाहीत. मुंग्या सुरू झाल्या की औषधाच्या पुढच्या फेरीआधी सांगा, "सहन करते" म्हणू नका. डोस किंवा अंतर बदलता येतं, पण बोललात तरच. अॅमिओडॅरोन, फेनिटॉइन, नायट्रोफ्युरँटॉइन, कोल्चिसिन, डॅप्सोन, लिनेझोलिड, बरेच आठवडे चाललेलं मेट्रोनिडाझोल, फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं: यातलं काही पिशवीत असेल तर बोट ठेवून विचारा. यातलं कुठलंही मनाने थांबवू नका, काही थांबवणं नसेच्या त्रासाहून धोक्याचं असतं.

दारू किती, हे खरं लिहा. ती नसांना थेट जाळतेच, शिवाय बी-१ ही घटवते. नशेसाठी नायट्रस ऑक्साइड हुंगणाऱ्या तरुणांमध्ये बी-१२ निकामी होऊन पाय जातात. पालकांना पत्ता नसतो आणि मुलं सांगत नाहीत. कामाच्या जागीही पाहा: डिंक-सॉल्व्हंटमधलं एन-हेक्सेन, बॅटऱ्या आणि जुन्या रंगातलं शिसं, आर्सेनिक, कीटकनाशकं, हात थरथरवणारी यंत्रं. शेजारी काम करणाऱ्यालाही तसाच त्रास आहे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

साखर, आणि साखरेच्या सावलीत राहून जाणारं बाकीचं

जगभरात परिघीय नसा बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण मधुमेहच. मधुमेह असलेल्या साधारण निम्म्या लोकांना पुढेमागे हा त्रास होतो, आणि साखर सीमेवर असतानाच पायांची आग सुरू झालेलीही मी पाहिली आहे. खूप वाढलेली साखर फार झपाट्याने उतरवली तर काही आठवडे नसांची तीव्र आग उठू शकते, तीही माहीत असावी. त्यामुळे "शुगरचं आहे" म्हणणारे चुकीचे नव्हते. चूक होती तिथे थांबण्यात. मधुमेह असलेल्या माणसालाही थायरॉईड असतो, मूत्रपिंडं असतात, बी-१२ लागतंच. सुरुवातीपासून ताकद कमी, एकाच बाजूला जास्त, आधी हात, काही आठवड्यांतच झपाट्याने वाढ: यातलं काही असेल तर "हे माझ्या मधुमेहाचं नेहमीचं रूप आहे का?" एवढंच विचारा.

वडिलांना बारा वर्षं मधुमेह, बारा वर्षं मेटफॉर्मिन. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साडेसहाच्या आसपास, म्हणजे साखर आटोक्यात होती. हिमोग्लोबिन चांगलं होतं, म्हणून बी-१२ चा विचार कुणी केला नाही. पण रक्त नॉर्मल असतानाही बी-१२ अभावी नसा बिघडू शकतात. शिवाय ते अशक्तपणासाठी लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी घेत. फॉलिक अॅसिड रक्तातला दोष झाकतं, नसेतला झाकत नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उसळला. घोट्यावर मारली, काहीच नाही. घोटा नसेमुळे गप्प, गुडघा मज्जारज्जूमुळे जादा जागा. बी-१२ ची कमतरता दोन्हीकडे घाव घालते हे त्यांना आठवलं. बी-१२ चा रिपोर्ट आला, मिलिलिटरला ११८ पिकोग्रॅम. २०० च्या खाली ती कमतरताच.

बाकीची कारणं मी भराभर सांगते, कारण ती डॉक्टरांनी पारखायची आहेत. मूत्रपिंड निकामी होणं. प्राणिजन्य पदार्थ अजिबात न खाणं, जठराचं किंवा वजन कमी करण्याचं ऑपरेशन, लांबलेल्या उलट्या. जस्ताच्या गोळ्यांच्या अतिरेकाने घटलेलं तांबं. स्योग्रेन, ल्युपस, सीलिअॅक हे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, नागीण. रक्तातलं एकाच साच्याचं जादा प्रथिन. अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढल्यावर येणारा अशक्तपणा.

कुष्ठरोगाला मात्र एक वेगळी ओळ हवी. हान्सेनने १८७३ मध्ये त्याचा जिवाणू दाखवला आणि १९८० च्या दशकापासून बहुऔषधी उपचारांनी तो पूर्ण बरा होतो, तरी लोक भीतीपोटी फिकट चट्टा लपवतात. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत असेल, तर दाखवा. नस मरण्याआधी दाखवलं तर हात वाकडा होत नाही.

कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने

ज्यांचं कारण उघड नाही त्यांच्यात तीन तपासण्यांतून सगळ्यात जास्त हाती लागतं: साखर, बी-१२ आणि रक्तातल्या प्रथिनांची इम्युनोफिक्सेशनसह इलेक्ट्रोफोरेसिस. तिसरी अनेकदा राहून जाते, म्हणून नाव लिहून न्या. सोबत साधं रक्त, क्रिएटिनिन, यकृत, थायरॉईड. बी-१२ दोनशे ते तीनशेच्या दरम्यान लटकलं तर मिथाइलमॅलोनिक अॅसिड पाहता येतं, बी-१२ कमी पडलं की ते वाढतं. बाकीच्या तपासण्या नकाशा पाहून ठरतात, सरसकट नाहीत.

आणि रक्त आधी, इंजेक्शन नंतर. बी-१२ चं एक इंजेक्शन घेतलं की आकडा वर उडतो आणि मूळ कमतरता होती की नाही हे कळायचा मार्गच बंद होतो. आम्हालाही पहिल्यांदा "घेऊन टाका, तोटा काय" असंच सांगितलं होतं. ते इंजेक्शन त्या दिवशी मिळालं नाही म्हणून ११८ हा आकडा आमच्या हाती आला. नाहीतर बरं वाटल्यावर काही महिन्यांनी बंद केलं असतं आणि पुन्हा तिथेच आलो असतो.

माझ्या पलंगावर येताना

हातापायांना क्रीम-तेल लावू नका, अंगठ्या काढा, सैल कपडे घाला. पेसमेकर किंवा बसवलेलं डिफिब्रिलेटर असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणारी औषधं असतील तर सुईची तपासणी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून केलेली, सुरू होण्याआधी सांगा. हातपाय गरम हवेत. ती गरम पाण्याची पिशवी त्यासाठीच. त्वचा एक अंशाने गार झाली की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने उतरतो, आणि निरोगी नस आजारी दिसते. हातांत सेकंदाला ५० मीटर आणि पायांत ४० मीटरच्या वरचा वेग साधारणपणे ठीक. हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या नसेत हा वेग पहिल्यांदा मोजला. त्याच वर्षी वॉलरने बेडकाच्याच जिभेची नस कापून तुटलेला भाग कसा झडतो ते दाखवलं. आम्ही आजही या दोघांनी घातलेल्या पायावरच काम करतो.

रिपोर्ट आल्यावर एवढं विचारा: बिघाड गाभ्यातल्या तंतूचा आहे की वरच्या वेष्टणाचा? आलेखाची उंची घटली तर तंतू, वेग फार घटला तर वेष्टण. कारणांची यादी त्यावरून अर्धी होते. अपघातानंतर लगेच सुईची तपासणी करून घेऊ नका, स्नायूत बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि पाय जळत असताना रिपोर्ट नॉर्मल आला तर "मनाचे खेळ" हे उत्तर मान्य करू नका. माझं मशीन फक्त जाड तंतू मोजतं. बारीक तंतूंसाठी घोट्याच्या वरून तीन मिलिमीटर कातडी काढून त्यातले तंतू मोजतात, त्याला स्किन बायोप्सी म्हणतात.

सगळं करूनही साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांत कारण सापडत नाही. अशा वेळी वही बंद करू नका. सहा महिन्यांनी नवा नकाशा काढा, जुन्याशेजारी ठेवा, आणि नवीन काही दिसलं तर, वजन उतरणं, कोरडे डोळे-तोंड, धाप, तर तपासण्या पुन्हा मागा.

कारण सापडलं आणि दूर झालं, तरी नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते. गुडघ्यापासून बोटांपर्यंत वर्ष-दीड वर्षाचा रस्ता आहे, आणि वाटेत मुंग्या वाढूही शकतात. वडिलांची इंजेक्शनं सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात शर्टाची बटणं त्यांना न पाहता लावता आली. अकराव्या महिन्यात बेसिन न धरता तोंड धुतलं. उजवा अंगठा आणि शेजारचं बोट अजून बधिर आहे, तीन वर्षं झाली. म्हणून रोज रात्री ते पलंगाच्या कडेला बसून तळव्याखाली आरसा धरतात, बोटांच्या बेचक्या बघतात, पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने पाणी तपासतात, आणि वहीत तारीख घालून "जखम नाही" असं लिहितात.